बारा वाजता गाडी, आणि प्रत्येकाचं आपलं एक कारण

वेस्टर्न पिक्चर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, घोड्यांची धावाधाव, धुळीचे लोट, खडकाआडून सुटणाऱ्या गोळ्या, कुठूनतरी ऐनवेळी येणारी फौज वगैरे. १९५२ सालच्या 'हाय नून'मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाहीये. यातला हिरो बहुतेक वेळ पायी चालतो. या दारातून त्या दारात. मदत मागतो, समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतो आणि पुढच्या दाराकडे निघतो. अख्खा पिक्चर ८५ मिनिटांचा आणि त्यात शेवटचा भाग सोडला तर गोळी सुटतच नाही. तरी मला विचाराल तर एवढं टेन्शन देणारा वेस्टर्न दुसरा नाही, आणि परवा परत बघताना ते टेन्शन नक्की कशाचं आहे ते जरा डोक्यात आलं म्हणून हे लिहितोय. स्पॉयलर भरपूर आहेत, सत्तर वर्षं जुन्या पिक्चरला स्पॉयलर काय म्हणा, पण सांगून ठेवलेलं बरं.

गोष्ट अगदी छोटी आहे. न्यू मेक्सिको टेरिटरीतलं हॅडलीव्हिल नावाचं गाव, रविवारची सकाळ, मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, विल केनचं नुकतंच लग्न लागलंय, त्याने बॅज काढून ठेवलाय, नवा मार्शल उद्या येणार आहे आणि हा बायकोला घेऊन दुसऱ्या गावी दुकान टाकायला निघालाय. तेवढ्यात तार येते. फ्रँक मिलर सुटला. हा मिलर म्हणजे गावाला एकेकाळी वेठीला धरलेला गुंड, केनने त्याला पकडला, फाशीची शिक्षा झाली, वरती कुठेतरी चक्रं फिरली, फाशीची जन्मठेप झाली आणि आता चक्क माफी. तो बाराच्या गाडीने येतोय आणि स्टेशनवर त्याचे तीन साथीदार आधीच येऊन बसलेत. घड्याळात साडेदहा वाजून गेलेत. केनला सगळे घाईघाईने घोडागाडीत बसवून गावाबाहेर काढतात, तोही जातो, आणि मग माळावर मध्येच घोडे थांबवून परत फिरतो.

बस. इथून पुढे पिक्चरमधला वेळ आणि आपला वेळ जवळपास एकाच वेगाने चालतात. भिंतीवरची घड्याळं सतत दिसत राहतात, पावणेअकरा, सव्वाअकरा, पावणेबारा, आणि केन माणसं गोळा करत फिरतोय. एकही मिळत नाही.

आता आधी पैशांबद्दल, कारण तो भाग मला फार आवडतो. प्रोड्युसर स्टॅन्ली क्रेमर, छोट्या कंपनीचा माणूस, मोठ्या स्टुडिओंसारखे पैसे उधळायची ऐपतच नव्हती. बजेट साधारण साडेसात लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबाने किरकोळच. पैसे घालणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासकडचा लेट्यूस पिकवणारा एक बडा शेतकरी होता! भाजीच्या पैशावर उभा राहिलेला क्लासिक. केनचं काम करणाऱ्या गॅरी कूपरने नेहमीपेक्षा कमी मानधन आणि नफ्यात वाटा अशा बोलीवर काम केलं. शूटिंग १९५१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, महिना-सव्वा महिन्यात उरकलं. गावाचा सेट नवा बांधलेला नाही, बरबँकला कोलंबिया स्टुडिओचा आधीच उभा असलेला रस्ता होता तोच वापरला, आणि रेल्वेसाठी कॅलिफोर्नियातच सिएरा रेलरोडचे रूळ.

त्या रुळांची एक गोष्ट दिग्दर्शक फ्रेड झिनेमनने स्वतः सांगितलीये. तो आणि कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बी रुळावर आडवे पडून समोरून येणाऱ्या गाडीचा शॉट घेत होते. लांबून गाडी येतेय, पांढरा धूर, मग एकदम काळा धूर, काय सुंदर दिसतंय म्हणून हे दोघं खूश, आणि त्यांना हे माहीतच नव्हतं की काळा धूर म्हणजे ड्रायव्हर सांगतोय ब्रेक लागत नाहीयेत. दोघं कसेबसे बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चुराडा झाला, पण आतली फिल्म वाचली. आता पिक्चरमध्ये ती काळ्या धुराची गाडी दिसली की मला फ्रँक मिलरपेक्षा त्या दोघांची जास्त काळजी वाटते.

तर मुद्दा असा की पैसे नसल्यामुळे जे जे करता आलं नाही ते सगळं पिक्चरच्या पथ्यावर पडलंय. पाठलाग नाही, गर्दी नाही, निसर्ग नाही. उरलं काय, दारं, चेहरे आणि घड्याळं. क्रॉस्बीने आकाश सुंदर दिसावं म्हणून लावतात ते फिल्टर मुद्दाम लावले नाहीत, त्यामुळे वर नुसतं पांढरंफटक ऊन, ढग नाहीत की काही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे मॅथ्यू ब्रेडीचे जुने फोटो असतात ना, करडे, सपाट, तसं दिसायला हवं असं त्याचं आणि झिनेमनचं ठरलं होतं. त्या वेळच्या वेस्टर्नमध्ये आभाळ म्हणजे शोभेची वस्तू, मोठमोठे ढग, खाली छोटासा घोडेस्वार. इथे बघणाऱ्याच्याच डोळ्यावर ऊन येतं. (हा क्रॉस्बी म्हणजे गायक डेव्हिड क्रॉस्बीचा बाप. उगीच, माहिती म्हणून.)

आणि कूपरचा चेहरा. त्या वेळी तो पन्नास वर्षांचा होता, पोटात अल्सर, पाठ धरलेली, आणि मेकअप जवळपास नाहीच. प्रत्येक सुरकुती दिसते. हा माणूस ॲक्टिंग करतोय की त्याला खरंच दुखतंय हे कळत नाही, बहुतेक दोन्ही. समोर त्याची बायको एमी म्हणून ग्रेस केली, एकवीस वर्षांची, हे जोडपं म्हणून बघताना मला दर वेळी जरा खटकतंच, काही केलं तरी ती त्याची मुलगी वाटते. पण त्याचा एक फायदाही होतो, लग्नाला तासही झालेला नाही आणि दोघांना एकमेकांची खरी ओळख नाही हे न सांगता कळतं.

आता दारांकडे येतो, कारण खरा पिक्चर तिथे आहे.

पहिला पळतो तो जज्ज. मिलरला शिक्षा सुनावणारा हाच. केन ऑफिसात येतो तेव्हा हा भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतोय, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतोय, कायद्याची पुस्तकं भरतोय, आणि हे सगळं करता करता केनला प्राचीन अथेन्सचा इतिहास शिकवतोय, की तिथल्या लोकांनी जुलमी राजाला हाकललं आणि तोच काही वर्षांनी भाडोत्री फौज घेऊन परतला तेव्हा त्याच लोकांनी दरवाजे उघडून दिले. म्हणजे पळून जायलासुद्धा दाखला इसवी सनापूर्वीचा! हा सीन मला भयंकर आवडतो, कारण जज्ज खोटं काहीच बोलत नाहीये. गाव कसं वागणार हे त्याला आधीच कळलंय, आणि तेच तो सांगतोय, फक्त घोड्यावर बसता बसता.

मग डेप्युटी हार्वी पेल. लॉइड ब्रिजेस, तरुण, तापट. याला पुढचा मार्शल व्हायचं होतं, केनने शिफारस केली नाही असा त्याचा ग्रह. हा म्हणतो शब्द टाकतो म्हण, लगेच बरोबर येतो. केन नाही म्हणतो. इथे मी बराच वेळ केनवर चिडतो, अरे बाबा मरायची वेळ आलीये, टाक की शब्द, काय जातंय. पण तो माणूसच तसा आहे, आणि हट्टी माणसाबद्दल आदर वाटला तरी त्याच्याबरोबर राहणं कठीण असतं हे पिक्चर लपवत नाही.

हर्ब बेकर नावाचा एक जण सुरुवातीला छाती ठोकून येतो, मी आहे, किती जण जमले सांगा. नंतर परत येतो तेव्हा ऑफिसात केन एकटाच. मग त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. आधी समजतच नाही, मग समजतं, मग बायकापोरं आठवतात. बाकीचे आले तर मी आलो असतो, असं त्याचं म्हणणं. तेच बाकीच्यांचंही म्हणणं असणार, फक्त प्रत्येक जण आपापल्या घरात बसून ते म्हणतोय.

सॅम फुलर तर केनचा मित्र. केन येताना दिसतो तसा तो बायकोला म्हणतो मी घरी नाही म्हणून सांग. बायकोला खोटं बोलता येत नाही, ती दारात अडखळते, चर्चला गेलेत म्हणते, तुझ्याशिवाय? एवढंच केन विचारतो, आणि त्यातलं न बोललेलं तिघांनाही ऐकू येतं. तो गेल्यावर फुलर बायकोवरच खेकसतो, मी मरावं असं वाटतं का तुला, विधवा व्हायचंय का. मिनिट-दीड मिनिटाचा सीन असेल. पण लाज वाटलेला माणूस सगळ्यात आधी जवळच्या माणसावर कसा ओरडतो हे एवढं नेमकं क्वचितच कुठे बघितलंय.

गुत्त्यात तर उघड पैजा लागल्यात, फ्रँक गाडीतून उतरला की पाच मिनिटांत केन आडवा. केन नेमका तेव्हाच आत येतो आणि बोलणाऱ्याला एक ठोसा लगावतो. हॉटेलचा कारकून तर सरळ सांगतो की मिलर होता तेव्हा धंदा चांगला चालायचा, आता गाव मेलंय. हे पण खरंच असणार! गुंड असले की पैसा खेळतो, दारू खपते, खोल्या भरतात. कायदा-सुव्यवस्था आली की शांतता येते आणि गल्ला रिकामा.

आणि मग चर्च. अख्ख्या पिक्चरचा गाभा म्हणजे हा सीन, आणि ज्याने आयुष्यात एखाद्या कमिटीच्या मीटिंगला हजेरी लावलीये त्याला तो घाम फोडेल. प्रार्थना चालू असताना केन आत येतो. पाद्री आधी टोमणा मारतो, तू इकडे फारसा फिरकत नाहीस, आज लग्नसुद्धा इथे लावावंसं वाटलं नाही. केन म्हणतो माझी बायको क्वेकर आहे (हिंसा न मानणारा ख्रिस्ती पंथ), आणि मी आलोय ते इथे माणसं आहेत म्हणून. लगेच चार-पाच जण ताडकन उठतात, चला! आपल्यालाही वाटतं सुटलो. तेवढ्यात मागून एक जण, थांबा थांबा, आधी हे नीट समजून घेऊ. झालं. मुलांना बाहेर खेळायला पाठवतात आणि चर्चा सुरू. हे केनचं आणि मिलरचं वैयक्तिक भांडण नाही का? आपण मार्शल ठेवायला पैसे भरतो ना, मग हे आपलं काम कसं? त्याला सोडलं वरच्या राजकारण्यांनी, निस्तरावं त्यांनी. एक बाई उठून सगळ्यांना आठवण करून देते की एकेकाळी भर दिवसा बाईमाणसाला इथल्या रस्त्यावरून चालता येत नव्हतं. पाद्रीला विचारतात तर तो म्हणतो मारू नका असं धर्म सांगतो, पण काय करा ते मी सांगू शकत नाही.

मग मेयर उठतो. थॉमस मिचेल, काय नट होता. केनचा जुना मित्र. भाषणाची सुरुवात ऐकून वाटतं आता हा सगळ्यांना उठवणार, केनएवढा चांगला मार्शल झाला नाही आणि होणार नाही, आपण त्याचे ऋणी आहोत. आणि हळूच गाडी वळते. वरच्या भागातले लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करतायत, दुकानं येतील, कारखाने येतील, आणि त्यांनी पेपरात वाचलं की रस्त्यात गोळीबार झाला तर? म्हणून विल, गावाच्या भल्यासाठी तू निघून जा. तू इथे नसशील तर मारामारीच होणार नाही. म्हणजे ज्या माणसाने गाव राहण्यालायक केलं तोच आता गावाच्या प्रगतीत अडथळा. एवढी इज्जत देऊन कुणाला बाहेरची वाट दाखवलेली मी पिक्चरमध्ये दुसरीकडे बघितलेली नाही. केन वाद घालत नाही, आभार मानतो आणि जातो.

मला परवा जे जाणवलं ते हेच. या गावात मिलर आणि त्याचे तिघे सोडले तर एकही वाईट माणूस नाही. प्रत्येकाचं कारण घेऊन बसलं तर पटतं. जुना मार्शल मार्टिन हाऊ, ज्याच्याकडे बघून केन मार्शल झाला, त्याची बोटं संधिवाताने वाकलीत, तो काय बंदूक धरणार, उलट तो चिडून म्हणतो की जन्मभर प्रामाणिक राहा, गरीब राहा, आणि शेवटी रस्त्यात एकटे मरा, कशासाठी तर एका पत्र्याच्या चांदणीसाठी, म्हणजे त्या बॅजसाठी. फुलरची बायको खरंच विधवा झाली असती. बेकरला खरंच पोरं आहेत. एकेक कारण खरं आहे आणि सगळ्यांची बेरीज अशी की एक माणूस भर रस्त्यात एकटा. बंदूकवाले चार जण येतायत त्याचं टेन्शन नाहीये, आता पुढच्या दारात कुठलं कारण ऐकायला मिळणार याचं टेन्शन आहे, आणि आपल्यालाही मनात कुठेतरी ठाऊक असतं की आपण यातल्या कुठल्या घरात बसलेलो असतो.

यायला तयार असतात ते कोण, तर चौदा वर्षांचा एक पोरगा आणि एका डोळ्याने अधू असलेला एक दारुडा. दोघांना केन परत पाठवतो.

एक बारीकसा प्रसंग सांगतो. हार्वीबरोबर तबेल्यात मारामारी झाल्यावर केन तोंड धुवायला न्हाव्याकडे जातो. न्हावी हाच गावात मयताची व्यवस्था बघणारा. मागून ठाकठोक ऐकू येतेय, शवपेट्या बनतायत. न्हावी ओशाळून आत जातो आणि आवाज बंद करायला सांगतो. केन तोंड पुसतो, पैसे विचारतो, आणि निघताना शांतपणे म्हणतो, आता त्या माणसाला काम चालू करायला हरकत नाही. एवढंच. कुठे आवाज चढवणं नाही, संगीत नाही.

हेलन रामीरेझबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. मेक्सिकन नटी केटी हुरादो. हेलन आधी मिलरची, मग केनची, आता हार्वीची मैत्रीण, गुत्त्याची मालकीण, दुकानातही पैसा घातलेला, पण गावातल्या सभ्य बायका तिच्याशी बोलत नाहीत. गाव काय करणार हे जज्जाइतकंच तिलाही आधी कळतं, ती हिशोब करून धंदा विकते आणि निघते. तिची आणि केनची भेट होते तेव्हा दोघं दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलतात, ती म्हणते वर्ष झालं तुला बघून, तो म्हणतो माहितेय. मूळ प्रिंटमध्ये खाली सबटायटलसुद्धा नाही. १९५२ सालच्या हॉलिवूडमध्ये मेक्सिकन बाईला एवढी अक्कल, एवढा पैसा आणि एवढा आब देणं साधी गोष्ट नव्हती. हुरादोला या कामासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. माझ्या मते पिक्चरमधलं सगळ्यात शहाणं माणूस तीच, आणि एमीला जे दोन शब्द सुनवायला हवे होते ते सुनावतेही तीच, की तो माझा नवरा असता तर मी बंदूक उचलली असती.

मग बाराला काही मिनिटं उरलेली असताना केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितोय आणि पिक्चर सगळीकडे एक फेरी मारतो. घड्याळाचा लंबक. चर्चमध्ये खाली माना घातलेले लोक. गुत्त्यात गप्प बसलेले. हार्वी. हेलन. एमी. स्टेशनवर तिघे. रिकामे रूळ. मिलरला ज्या खुर्चीत बसवून शिक्षा सुनावली होती ती रिकामी खुर्ची. परत लंबक. दिमित्री टिऑमकिनचं संगीत घड्याळाच्या ठोक्यावर चढत जातं आणि कट त्याच ठोक्यावर पडत जातात, आणि मग एकदम गाडीची शिट्टी. सगळ्यांच्या माना वर. एडिटिंग म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर हे दाखवावं, लेक्चरची गरज नाही. एडिटिंगचं ऑस्कर मिळालंच, पण हा पिक्चर नक्की कुणामुळे जमला यावर क्रेमर, झिनेमन, लेखक कार्ल फोरमन आणि एडिटर एल्मो विल्यम्स यांचे पुढे वर्षानुवर्षं वाद चालले. पडला असता तर चौघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं, ते वेगळं.

फोरमनची गोष्ट तर पिक्चरइतकीच मोठी आहे. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची मोहीम जोरात होती, तिथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, समिती हॉलिवूडवाल्यांना बोलावून विचारायची, तुम्ही कम्युनिस्ट पक्षात होता का आणि बरोबर कोण होतं त्यांची नावं सांगा. फोरमन पूर्वी पक्षात होता, नंतर बाहेर पडला होता. शूटिंग चालू असतानाच सप्टेंबर १९५१ मध्ये त्याची साक्ष झाली आणि त्याने नावं द्यायला नकार दिला. नावं न देणं म्हणजे काम बंद. पार्टनर क्रेमरने त्याच्याशी संबंध तोडले, ओळखीचे लोक टाळायला लागले. आता परत ती स्क्रिप्ट बघा. फोरमनने नंतर सांगितलं की लिहिता लिहिता ते त्याचं स्वतःचंच आयुष्य होत गेलं. फुलरच्या घराच्या दारातला सीन कुठून आला असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि यातला सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस गॅरी कूपर. हा उजव्या विचारांचा, १९४७ साली याच समितीसमोर स्वतः साक्ष देऊन आलेला. तरी तो फोरमनच्या बाजूने उभा राहिला, त्याच्या नव्या कंपनीत यायचंही ठरवलं. मग चारी बाजूंनी दबाव आला, करियर संपवू वगैरे, आणि कूपरने माघार घेतली. म्हणजे पडद्यावर माळावरून घोडे परत फिरवणारा माणूस, आणि त्याच्यावर खरी वेळ आली तेव्हा त्याचंही कारण पटण्यासारखंच. फोरमनने त्याच्याबद्दल कधी कडवट बोललेलं माझ्या वाचनात नाही, उलट मोठ्या नटांमधला प्रयत्न करणारा तो एकटाच असं तो म्हणायचा. फोरमन इंग्लंडला गेला. तिथून त्याने 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेवर काम केलं, नाव लागलं नाही, ऑस्कर मिळालं ते दुसऱ्याच्या नावावर, आणि त्याचं श्रेय त्याला अधिकृतपणे मिळालं ते १९८४ साली, मेल्यावर.

विरुद्ध बाजूला वेस्टर्नचा बडा हिरो जॉन वेन. त्याला 'हाय नून'चा मनस्वी राग. १९७१च्या प्लेबॉयच्या मुलाखतीत तो म्हणाला की आयुष्यात एवढी अमेरिकाविरोधी गोष्ट बघितली नाही, आणि फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. त्याची तक्रार होती की शेवटी केन बॅज खाली टाकून पायाने तुडवतो. गंमत म्हणजे तुडवत नाही. नुसता टाकतो. वेनने तुडवणं स्वतःच्या मनाने घातलं. आणि याहून मोठी गंमत, १९५३च्या ऑस्करला कूपर हजर नव्हता म्हणून त्याचं बेस्ट ॲक्टरचं बक्षीस स्टेजवर जाऊन घेतलं कुणी, तर जॉन वेननेच! वर तिथे विनोद केला की हा रोल मला का मिळाला नाही ते आता माझ्या एजंटला विचारणार आहे. पिक्चरला एकूण चार ऑस्कर मिळाली, बेस्ट पिक्चरचं मात्र सेसिल डिमिलच्या सर्कसवाल्या पिक्चरने नेलं, जो आज कुणी आवडीने बघत असेल असं वाटत नाही.

वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी मग १९५९ साली उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' काढला. हॉक्सचं म्हणणं, चांगला मार्शल असा गावभर मदत मागत फिरणार नाही, ते व्यावसायिक माणसाचं काम, ज्याला जमत नाही त्याला मध्ये घेऊच नये. त्यातला शेरीफ मदत नाकारतो तरी लोक येत राहतात. खरं सांगू, 'रिओ ब्राव्हो' मलाही आवडतो, निवांत आहे, माणसं छान आहेत, कधीही लावावा. पण उत्तर म्हणून तो मला पटत नाही, कारण त्यात लोक येतात. प्रश्न तर न येणाऱ्यांचा होता.

यातून कोण काय अर्थ काढेल याला मर्यादाच नाही. १९८९ साली पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने निवडणुकीच्या पोस्टरवर गॅरी कूपर छापला, छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका, खाली तारीख ४ जून. ज्या पिक्चरला अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून हिणवलं तोच कम्युनिस्ट सरकारविरुद्ध वापरला. मला वाटतं हे जमतं कारण पिक्चरमध्ये राजकारणाचा शब्द नाही, आपण एकटे पडलोय असं ज्याला वाटतं त्याला तो आपला वाटतो. थोडं धोकादायकच आहे हे, कारण आपण एकटे पडलोय असं तर सगळ्यांनाच वाटतं, चुकीच्या बाजूला असलेल्यांनाही.

गोळीबाराबद्दल फार लिहीत नाही, ठीक आहे, नेटका आहे. नवऱ्याला सोडून त्याच बाराच्या गाडीने निघालेली एमी नेमकी गाडी सुटता सुटता गोळीचा आवाज ऐकून उतरते, धावत येते आणि एकाला पाठीत गोळी घालते, जिचे वडील आणि भाऊ बंदुकीने मेले म्हणून जी क्वेकर झाली तिने. हे बरोबर की चूक यावर पिक्चर काही बोलत नाही आणि मी अजून ठरवू शकलेलो नाही. गाव मग बाहेर येतं. सगळे जमतात, कुणी बोलत नाही. केन त्यांच्याकडे बघतो, बॅज काढून धुळीत टाकतो, पोराने आणून ठेवलेल्या घोडागाडीत बायकोला बसवतो आणि जातो. भाषण नाही, शिवी नाही. मला इथे नेहमी त्या मेयरचा चेहरा शोधावासा वाटतो.

आणि एवढं झाल्यावर १९८० साली कुणाच्यातरी डोक्यात आलं की याचा टीव्हीवर दुसरा भाग काढू, ज्यात विल केन परत हॅडलीव्हिलला येतो. परत! त्याच गावात! मी तो बघितलेला नाही आणि कुणी पैसे दिले तरी बघणार नाही.